ओल्या अंगाची तीन मिनिटं

(नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात डिसेंबर महिन्यात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना एका मावशींनी मला दारातच थांबवलं आणि बाही वर सारून हात दाखवला. हातभर पांढऱ्या रेघा. नखांनी खाजवल्याच्या. म्हणाल्या, "थंडी सुरू झाली की रात्री झोप लागत नाही. अंगावर काही उठलेलं दिसत नाही, पण खाज अशी सुटते की भिंतीला पाठ घासावीशी वाटते. साखर तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक आहे म्हणतात." मी विचारलं, आंघोळ कशी करता? त्या म्हणाल्या, "कडकडीत पाण्याने, दोन बादल्या. त्याशिवाय अंग स्वच्छ निघाल्यासारखं वाटत नाही." मावशींना विचारूनच हे सांगते आहे, कारण आजचं माझं बरंचसं बोलणं त्या दोन बादल्यांभोवतीच फिरणार आहे.

आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा. विटा आणि मधे चुना. त्वचेचा सगळ्यात वरचा पापुद्रा तसाच असतो. वाळलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. हा चुना शाबूत आहे तोवर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची धूळ, जंतू, साबण बाहेर राहतात. तरुणपणी चुना थोडा खरवडला गेला तरी शरीर तो लगेच भरून काढतं. साठीनंतर ही दुरुस्ती मंदावते. वरचा थर नवा व्हायला तरुणपणी साधारण 28 दिवस लागतात, उतारवयात दीड महिना किंवा त्याहूनही जास्त. तेलग्रंथी कमी पाझरतात, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हा फरक लवकर जाणवतो. त्यात आपली नाशिकची कोरडी थंडी. निफाडकडचे लोक इथे बसलेत, त्यांना मी थंडी काय सांगणार! हवा कोरडी झाली की ती त्वचेतलं पाणी ओढून घेते. मग नडग्यांवर बारीक चिरा पडतात, सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. आपण म्हणतो, अंग फुटलं.

या फुटलेल्या अंगावर आपण कडकडीत पाणी ओततो. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते, आणि हीच त्यातली फसवी गोष्ट आहे. त्या पाण्याबरोबर उरलासुरला चुनाही निघून जातो आणि रात्री खाज दुप्पट होऊन परत येते. म्हणून पहिली विनंती, बादलीत विसण जास्त घाला. कोपर बुडवून बघा. पाणी कोमट वाटलं पाहिजे, गरम नाही. पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटोपा.

दुसरी गोष्ट साबणाची. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, साधारण साडेचार ते साडेपाच. हा आकडा जितका जास्त, तितकी आम्लता कमी. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. त्वचेला मूळ पातळीवर यायला वेळ लागतो, आणि वय वाढेल तसा जास्तच लागतो. मग साबण सोडायचा का? नाही. काखा, जांघा, पावलं, जिथे घाम आणि मळ साठतो तिथे साबण हवाच. पण हात, पाय, पाठ, पोट यांना रोज साबण लागत नाही. तुम्ही आता शेतात राबत नाही, कारखान्यात जात नाही. दिवसभरात त्या पोटरीवर असा कोणता मळ बसतो? नुसतं पाणी पुरतं. लावायचाच असेल तर सौम्य, सुवास नसलेला, ओलावा राखणारा साबण घ्या. प्लास्टिकची जाळी आणि अंग घासायचा दगड मात्र बाजूला ठेवा. घासून निघतो तो मळ आहे असं आपल्याला वाटतं. बहुतेकदा ती आपलीच त्वचा असते.

उटण्याबद्दल नेहमी विचारतात. दिवाळीच्या पहाटे आधी अंगभर तेल जिरवून मग उटणं लावतात, त्याला माझी काही हरकत नाही. त्यात तेल आधी येतं, हे विसरू नका. तेलाशिवाय रोज डाळीच्या पिठाने अंग घासणं मात्र सत्तरीच्या त्वचेला सोसत नाही.

आता ज्यासाठी मी आले आहे ते सांगते. आंघोळ झाली की टॉवेलने अंग खसाखसा पुसू नका, टिपा. अंग थोडं ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा क्रीम लावा. ओलसर असतानाच का? तेल त्वचेला पाणी देत नाही, त्वचेत असलेलं पाणी ते राखतं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं तर वाफ आत राहते. पण भात वाळून कोरडा झाल्यावर झाकण ठेवून काय उपयोग? बहुतेक जण आंघोळ करतात, कपडे घालतात, पूजा करतात, चहा घेतात आणि मग खाज सुटली की तेलाची बाटली शोधतात. तोवर पाणी उडून गेलेलं असतं. तेल तेच, हात तेच, फक्त वेळ चुकलेली. माझ्या दवाखान्यात हिवाळ्यात खाजेसाठी येणाऱ्या कितीतरी वृद्धांना मी पहिल्या भेटीत औषध लिहीत नाही, एवढंच करायला सांगते, आणि पंधरा दिवसांनी ते झोप लागते म्हणून सांगायला येतात.

काय लावायचं? घरचं खोबरेल उत्तम. फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी 2004 साली 34 रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. कोरड्या त्वचेसाठी खोबरेल आणि त्वचेला लावायचं शुद्ध केलेलं खनिज तेल यांची त्यात तुलना होती. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात धरा. मोहरीचं तेल काही घरांत वापरतात, पण ते त्वचेला चुरचुरतं, वृद्धांना नको. पेट्रोलियम जेली चिकट वाटते, पण ओलावा राखायला तिच्यासारखं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही नाही. टाचांच्या भेगांसाठी कोकणातलं कोकमाच्या बियांचं तेल घ्या. ते घट्ट असतं. पळीत किंचित तापवून भेगेत भरलं की तिथेच गोठतं आणि भेगेच्या कडा मऊ करतं. तापवल्यावर आधी बोटाला लावून बघा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तापवलेलं काहीच नको. त्यांनी युरिया असलेलं क्रीम वापरावं, बोटांच्या बेचकीत काही लावू नये, आणि टाचेला वज्री किंवा ब्लेड अजिबात लावू नये. बधिर पायाला कापलेलं कळत नाही.

किती लावायचं, यात सगळेच हात आखडता घेतात. प्रौढ माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम क्रीम लागतं. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. म्हणून तर मी महागड्या क्रीमच्या मागे लागू नका म्हणते. पाचशे रुपयांची ट्यूब जपून जपून लावण्यापेक्षा साधं तेल सढळ हाताने लावलेलं बरं.

दोन धोके मात्र नीट लक्षात ठेवा. एक, न्हाणीघरात उभ्याने तळपायाला तेल लावू नका. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर त्यापुढे कोरडी त्वचा काहीच नाही. बाहेर येऊन पलंगावर किंवा खुर्चीवर बसा, पाय सगळ्यात शेवटी घ्या आणि वर सुती मोजे चढवा. दुसरा धोका आगीचा. तेल, जेली, क्रीम कपड्यांत रोज मुरत जातं आणि असं कापड भराभर पेटतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये याबद्दल मुद्दाम इशारा दिला होता. आपल्याकडे तर देवघरात निरांजन असतं, ओट्यावर गॅस असतो आणि पदर सुटा असतो. तेव्हा ते कपडे, चादरी, उशीचे अभ्रे वरचेवर धुवा. धुतल्यावरही थोडा अंश राहतोच, म्हणून दिव्याजवळ पदर खोचूनच वावरा.

सुरकुत्यांबद्दल मी अजून बोलले नाही, हे काहींच्या लक्षात आलं असेल. सुरकुती दुखत नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. गोधडीचे वरचे आणि खालचे पदर टाक्यांनी एकमेकांना धरून असतात. त्वचेचा वरचा आणि खालचा थरही तसेच एकमेकांत गुंतलेले असतात. वयानुसार ही गुंतागुंत सपाट होते, आणि खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, दर वर्षी साधारण एक टक्का कमी होतं. टाके उसवले की वरचं कापड सरकतं. म्हणून ऐंशीच्या आजोबांचा हात दाराच्या कडीला लागला की खरचटत नाही, सबंध पापुद्राच सोलून निघतो. चिकटपट्टी ओढून काढली तर तिच्याबरोबर त्वचा येते. ती पट्टी तेलाने भिजवून, हळूहळू, त्वचा एका हाताने दाबून धरत काढायची असते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 14 वृद्धाश्रमांमधल्या 980 रहिवाशांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या आश्रमांमध्ये रहिवाशांच्या हातापायांना दिवसातून दोनदा ओलावा राखणारं क्रीम लावलं, बाकीच्यांमध्ये नेहमीसारखंच चालू ठेवलं. सहा महिन्यांत क्रीम लावलेल्यांच्यात अशा जखमा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. दोनदा हात फिरवल्याने निम्म्या जखमा टळल्या! हा अभ्यास वाचला तेव्हा मी माझ्या आईला रात्रीही लावायला सुरुवात केली. सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री निजायच्या आधी.

उन्हाबद्दल थोडं बोलते. अमेरिकेतल्या एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 28 वर्षं गाडी चालवताना खिडकीची काच त्याच्या डाव्या बाजूला होती. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. काचेतूनही अतिनील किरणांचा एक भाग आत येतो, म्हणून खिडकीशी पेपर वाचत बसणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. सनस्क्रीनचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियाच्याच क्वीन्सलँडमध्ये सिद्ध झालं. तिथे 55 वर्षांखालच्या 903 लोकांपैकी रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत म्हातारपणाच्या खुणा 24 टक्के कमी वाढल्या. तुमच्या मुलांना हे सांगा. तुम्ही स्वतः पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, छत्री यांवर भर द्या, आणि उघड्या राहणाऱ्या चेहऱ्याला, मानेला, हाताच्या पाठीला सनस्क्रीन लावा. कधी जपायचं याची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तेव्हा ऊन टाळा.

सुरकुत्या कमी करणारी रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीची, क्रीमं खरोखर काम करतात, पण आधीच कोरड्या त्वचेवर ती आग करतात. हवीच असतील तर डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करा.

दुकानात जाऊन "खाजेचं क्रीम द्या" म्हणू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीव्र स्टिरॉइड असतं. ते दोन दिवसांत खाज थांबवतं, आणि महिनोन् महिने लावलं की आधीच पातळ झालेली त्वचा कागदासारखी करतं. त्याने गजकर्णही दबून पसरतं. सरकारने 2018 मध्ये असली अनेक क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी लोक अजून ती हातोहात आणतात. तेल लावूनही खाज तीन-चार आठवडे टिकली तर ती अंगावर काढू नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह, चालू असलेली एखादी गोळी, कारण काहीही असू शकतं. रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कुणाला सुटली असेल तर खरूज असण्याची शक्यता असते, मग सगळ्या घराने एकदम उपचार घ्यायचे असतात. न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायावर नव्याने आलेला काळा डाग, हे लगेच दाखवा.

मघाशी मागच्या रांगेतल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, पाठीला रोज स्पिरिट लावून पावडर टाकते, ते बरोबर आहे ना? ताई, तुम्ही इतक्या निष्ठेने करताय, आणि ही पद्धत पूर्वी शिकवलीही जात असे, पण आता ती बंद करा. स्पिरिट त्वचा सुकवतं आणि पावडरचे गोळे घामात होऊन टोचतात. दर दोन तासांनी कूस बदला. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पाठ टिपा, घड्यांमधली जागा पूर्ण कोरडी करा, बाकी ठिकाणी पातळ तेल लावा. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून तो पांढरा झाला नाही, तर तिथे चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तेल लावताना पाय उजेडात धरून टाच, घोटा, बोटांच्या बेचक्या रोज बघत जा. आणि तेलाची वाटी कपाटात ठेवू नका. फडक्याशेजारीच, हाताशी ठेवा.