खत घालूनही मिरची पिवळी? आधी मुळं बघा

नमस्कार! ही खिडकीच्या ग्रिलमधली मिरची बघा. खालची पानं पिवळी, दुपारी शेंडा मान टाकतोय आणि माती मात्र ओलीचिंब. अशा वेळी हात लगेच खताच्या डब्याकडे जातो. तिथेच चुकतं.

कुंडी आडवी करा, कडेने थापट्या मारा आणि मातीचा गोळा हलकेच बाहेर काढा. कॅमेऱ्याजवळ आणते. वरची मुळं पांढरी आहेत, टणक आहेत. तळाची तपकिरी. बोटांत धरून ओढलं की साल निसटते, आत नुसता दोरा उरतो. वासही कुबट येतोय. ही मुळं गुदमरली आहेत.

मुळंही श्वास घेतात. अन्नद्रव्यं आत ओढायला लागणारी ऊर्जा ऑक्सिजनवर तयार होते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की खत समोर असून झाड उपाशी. वर अशा मातीतले जिवाणू नायट्रेटमधला, म्हणजे खतातल्या नत्राच्या एका रूपातला, ऑक्सिजन वापरतात, आणि तुम्ही विकत आणलेलं नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातं!

मुंबईत नर्सरीतून पोत्यात येते ती बहुतेक लाल माती. नुसती तीच भरली तर जुलैच्या सरींखाली दबून विटेसारखी बसते. शिवाय तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, धरून ठेवतं. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. दबलेल्या मातीत ते जाणार कसं?

म्हणून मगने मोजा: लाल माती 4, चांगलं कुजलेलं कंपोस्ट 3, कोकोपीट 2, भाताचं तूस 1. कोकोपीटमध्ये क्षार असतात, तेव्हा भिजवून दोन-तीनदा पाणी बदला आणि पिळून घ्या. मिरचीला 12 इंची कुंडी पुरते.

तळाला खडीचा थर मात्र नको. निचरा होईल म्हणून सगळे घालतात, पण बारीक मातीतलं पाणी वरची माती पुरती भिजेपर्यंत खडीत उतरतच नाही. ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी, बस्स.

भरल्यावर लिटरभर पाणी ओता. मिनिटभरात मुरलं तर उत्तम. पाच मिनिटांनीही वर तळं दिसलं तर तूस वाढवा.

आता कुजलेली मुळं कात्रीने कापा, रोप लावा, आडोशाला ठेवा. नवी पालवी येईपर्यंत खत नाही. ताटलीही काढून टाका, साचलेल्या पाण्यात डास होतात.

टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो, त्याचं मूळही बहुधा इथेच. कॅल्शियम पाण्याबरोबर कोवळ्या मुळांच्या टोकांतून चढतं. कुंडी एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळापर्यंत ते पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून हा डाग थांबत नाही. ती विरघळायला महिने लागतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या.