मनाने वस्तू हलतात का?

श्रोतेहो, नमस्कार. कागदाच्या चौकोनी तुकड्याला घड्या पाडून तो सुईच्या टोकावर छत्रीसारखा तोलला आणि बाजूला तळहाताचा आडोसा धरून एकाग्र चित्ताने पाहत राहिले, की थोड्या वेळाने तो हळूहळू फिरू लागतो. वाटते, मनानेच फिरवला. त्यावर काचेची बरणी पालथी घातली, की फिरणे सहसा थांबते. कारण तळहाताच्या उबेने वर चढणारी हवा आणि आपला श्वास, दोहोंची वाट बंद होते.

असा अनुभव सांगणारा लबाडच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. १८५३ साली इंग्लंडमध्ये टेबलावर हात टेकून बसायचे आणि टेबल सरकले की अदृश्य शक्ती मानायची, अशी टूम निघाली होती. मायकेल फॅरडे यांनी पुठ्ठ्याचे तुकडे मऊ लुकणाने एकावर एक बसवून ते टेबल आणि हात यांच्यामध्ये ठेवले. टेबल आधी हलले असते तर वरचे पुठ्ठे मागे राहिले असते. प्रत्यक्षात वरचेच अधिक सरकलेले आढळले, म्हणजे टेबलाला हातांनीच ढकलले होते. पुढे त्यांनी हातांचा जोर दाखवणारा काटा जोडला, आणि तो बसणाऱ्यांच्या नजरेसमोर येताच टेबल हलेनासे झाले. ही माणसे प्रामाणिक होती; आपले स्नायू जोर लावत आहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि मला या साऱ्या प्रकरणात हेच सर्वांत नवलाचे वाटते.

लबाडीही असतेच. टेलिफोन डिरेक्टरीची पाने मनाने उलटवतो म्हणणाऱ्या जेम्स हायड्रिक या तरुणासमोर १९८१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात जादूगार जेम्स रँडी यांनी पुस्तकाभोवती थर्माकोलचे हलके तुकडे पसरले. फुंकर मारली तर ते उडणार, हे उघड होते. पान उलटले नाही.

अलीकडचा दावा वस्तूंचा नव्हे, आकड्यांचा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील एका प्रयोगशाळेने १९७९ ते २००७ या काळात, यंत्रातून यदृच्छेने निघणाऱ्या आकड्यांवर मनाचा परिणाम होतो का, हे तपासले आणि अत्यंत सूक्ष्म फरक आढळल्याचे सांगितले. जर्मनीतील फ्रायबर्ग आणि गीसेन येथील संशोधकांना सोबत घेऊन तोच प्रयोग पुन्हा करण्यात आला; २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मूळ दाव्याइतका फरक तिन्हींपैकी कोठेही, खुद्द प्रिन्स्टनमध्येही, मिळाला नाही.