सानविवि ते हहपुवा

मित्रहो, लघुरूपं ही मोबाइलवाल्या पिढीने आणलेली कीड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी आजोबांचं एखादं पोस्टकार्ड काढून बघावं. सुरुवातीला 'ती.', मग 'सा. न. वि. वि.', शेवटी 'ता. क.'. दुकानदाराच्या हिशेबाखाली 'चू. भू. द्या. घ्या.'. कार्डावर जागा थोडी, सांगायचं पुष्कळ.

मराठी लघुरूप पहिल्या अक्षराचं होतं, आणि अक्षर मात्रेसकट येतं. म्हणून ते तोंडात बसतं: गदिमा, मसाप, अंनिस. इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्यांनी हीच वाट धरली. हसून हसून पुरेवाट झाली की 'हहपुवा', गडाबडा लोळायची वेळ आली की 'हहगलो', हे वेगळे सांगणे न लगे म्हणजे 'हेवेसांनल'. हिशेबाच्या वहीतलं 'चुभूद्याघ्या' तर जसंच्या तसं वादविवादात उतरलं. मला याचा फार आनंद आहे.

एसएमएसवर मात्र वेगळंच घडलं. एका संदेशाला जागा १४० बाइट. त्यात रोमन अक्षरं १६० मावत, देवनागरी फक्त ७०. शिवाय मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जात. 'साष्टांग' या एका शब्दाला ८ जागा लागतात. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहिलंत की ७०पैकी २९ संपल्या! त्यात कित्येक फोनवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन उमटायचे. मग पोरं रोमनमध्ये मराठी लिहू लागली आणि इंग्रजीसारखेच स्वर गाळू लागली.

इंग्रजीत ते खपतं. 'प्लीज'मधले स्वर काढले तरी प्लीज ओळखू येतं. आपलं व्याकरण मात्र शब्दाच्या शेवटच्या स्वरात असतं. बंड्या आला का, आई आली का, बाबा आले का. रोमनमध्ये शेवटचा स्वर उडवा, तिन्हीकडे उरतात ए आणि एल ही दोनच अक्षरं. लिंग गेलं, वचन गेलं, बाबांचा आदरार्थही गेला. कोण आलं ते मागच्यापुढच्या संदेशांवरून ताडायचं. माझी तक्रार आहे ती या स्वर गाळण्याबद्दल, लघुरूपांबद्दल नाही.

आता अक्षरं मोजावी लागत नाहीत. देवनागरी कळफलक फोनमध्येच असतो, बोलूनसुद्धा टाइप होतं. अडचण सरली, सवय तेवढी राहिली. तेव्हा लघुरूपं खुशाल करा, पण अक्षरांची करा. वाढदिवसाला 'वाहाशु' मला चालतं. निधनाच्या बातमीखाली 'भापूश्र' मात्र नको. ज्यांचं माणूस गेलंय ती मंडळी तिथला प्रत्येक संदेश वाचत असतात. त्यांच्यासाठी 'भावपूर्ण श्रद्धांजली' पूर्ण लिहा, आणि गेलेल्या माणसाची एखादी आठवण असेल तर तीही लिहा.