काल रात्री आत कोण निजलं?

(बेळगावातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘हिवताप आणि मच्छरदाणीचा वापर’. त्यावर येतोच. आधी मला एका प्रश्नाविषयी बोलायचं आहे, कारण तो माझ्या मनात फार वर्षं साठून राहिलाय.

नोकरीची सगळी वर्षं मी खानापूर तालुक्यात घरोघर हिंडून तापाचे रुग्ण शोधले, रक्ताचे नमुने घेतले. मच्छरदाण्या वाटून झाल्या की वरून एक कागद यायचा. त्यावर रकाना एकच, घरात मच्छरदाणी आहे का? आहे म्हटलं की खूण, आणि पुढचं घर. असल्या खुणा मीही शेकड्यांनी केल्यात. त्या रकान्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जांबोटीच्या बाजूचं एक कौलारू घर सांगतो. पावसाळा सरत आला होता. पडवीत सात-आठ वर्षांचा पोरगा दोन वाकळा पांघरून कुडकुडत होता. दिवसाआड थंडी वाजून ताप. रक्त घेतलं, तर व्हायव्हॅक्स या जातीच्या जंतूचा हिवताप निघाला. आजीला विचारलं, “मच्छरदाणी मिळाली न्हवं?” “मिळाली की!” म्हणत आजीनं ट्रंक उघडली. लुगड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, पिशवीसुद्धा न फोडलेली मच्छरदाणी. “लेक बाळंतपणाला येणार हाय, तवा काढायची. नवी हाय ती.”

तिला रागावून काय करणार? चांगली वस्तू पाहुण्या-माहेरवाशिणीसाठी राखायची, हे आपल्या सगळ्यांच्या घरी चालतं. तुमच्या कपाटातला नवा कपबशांचा संच आठवा. (हशा) मी हातोडी मागितली. भिंत मातीची, खिळा धरेना. वासे उंच, हात पोचेना. शेवटी सुतळीचे लांब तुकडे करून दोन टोकं वाशांना, एक खुंटीला, एक खिडकीच्या गजाला बांधलं. बांधताना कळलं, की चौकोनी मच्छरदाणीला चार आधार लागतात आणि जागची न हलणारी खाट लागते. त्या घरात रात्री अंथरूण पडायचं ते सकाळी गुंडाळलं जायचं, आणि त्याच जागेवर पुढं दिवसभर घर चालायचं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. मच्छरदाणी टांगलेली! मला फार आनंद झाला. सहज सुनेला विचारलं, “काल रात्री आत कोण निजलं?” ती म्हणाली, “मामंजी. त्यांस्नी डास लई चावत्यात.” आणि पोरगा? पोरगा बाहेर, भिंतीकडेला.

कागदावर ते घर पहिल्या दिवशीही पूर्ण होतं आणि पंधराव्या दिवशीही. म्हणून म्हणतो, प्रश्न बदला. काल रात्री आत कोण निजलं, ते माणसागणिक विचारा. मोठ्या पाहण्यांमध्ये असं विचारतातही. मग लगेच दिसतं की पाच माणसांत मच्छरदाणी एक. जागतिक आरोग्य संघटना दोन माणसांमागे एक धरते.

आपल्याकडची ही खोड जुनी आहे. 1953 साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम निघाला, 1958 पासून निर्मूलनाचा. डीडीटीवाले भिंती फवारून जायचे आणि मागून आया-बाया सणासाठी त्यावर शेणामातीचा हात फिरवायच्या. औषध लिंपणाखाली गेलं, तर वर बसलेल्या डासाला काय होणार? तरीही फवारलेल्या घरांत त्या घराची मोजणी व्हायची. 1965 च्या सुमारास देशात रुग्ण लाखाच्या घरात आले होते, ते 1976 ला 64 लाखांवर गेले. कारणं पुष्कळ होती. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, हेही मोठं. पण त्या लिंपणाकडेही कुणी तरी बघायला हवं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तेव्हा छापलेला विषय भरभर सांगतो.

हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस डास दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून मच्छरदाणी. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो. तिथं दुपारी निजणाऱ्या तान्ह्या बाळाला आणि आजाऱ्याला तिचा उपयोग. सरकारी मच्छरदाणीच्या धाग्यातच औषध असतं, त्यावर बसलेला डास मरतो. साधारण वीस धुणी आणि तीन वर्षं ती टिकते. साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. उन्हानं औषध उतरतं. ओढ्या-तळ्यात धुऊ नका, मासे मरतात. कडा अंथरुणाखाली खोचा.

दुसरं, चिकोडी, रायबाग, अथणीकडं गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत चार आधार कुठून आणायचे? तिथं एका दोरीवर टांगायची गोल मच्छरदाणी द्यावी. भाताच्या राखणीला खोपीत निजणाऱ्यालाही तीच. देशातला हिवताप 2030 पर्यंत संपवायचं ठरलंय. रुग्ण कमी होत जातात तसा हा उघड्यावर निजणारा माणूस मोजणीतून सुटून चालणार नाही.

तिसरं, थंडीताप आला की रक्त तपासा. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस असतं. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी सोडू नका. आणि कुणाला किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

वेळ संपली. मागच्या दाराशी एक गोल मच्छरदाणी टांगून ठेवलीय. सुतळीही आणलीय. गाठ कशी मारायची ते बघायचं असेल त्यांनी चहा घेऊन तिकडं या.