शेजारचं पान

[टेबलावर मेणकापड. दोन हात पत्ते पिसताहेत. चेहरा चौकटीबाहेर.]

बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. हा भविष्य वाचायचा कॅट, याला ‘लेनोर्मां’ म्हणतात. रंग चारही आहेत, पण दुर्री ते पंजी ही पानं या कॅटात नाहीत. छक्कीपासून एक्क्यापर्यंत, रंगाला नऊ, अशी एकूण 36. प्रत्येक पानावर मोठं चित्र आहे : जहाज, झाड, करकोचा, किल्ली, शवपेटी. आणि त्याच पानावर, लहान चौकोनात, आपल्या ओळखीचा पत्ता. अंगठीच्या पानावर किलवरचा एक्का. सापाच्या पानावर किलवरची राणी. उंदरांच्या पानावर किलवरची सत्ती.

किलवर हा या कॅटातला कटकटीचा रंग. ढग, साप, चाबूक, कोल्हा, अस्वल, डोंगर, उंदीर, क्रूस ही सगळी मंडळी किलवरमध्ये. लग्नाची अंगठीही त्यांच्यातच कशी, असं विचारल्यावर पानं वाचणाऱ्या बाई नुसत्या हसल्या.

आपण जर्मनीत आहोत, न्यूर्नबर्ग शहरात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर बाईंनी कॅमेरा लावू दिला. तेव्हा हातांकडे बघा. पान उलटताना त्या ते लगेच सोडत नाहीत. शेजारचं पान पडेपर्यंत अंगठा त्यावर तसाच असतो.

[अंगठी. तिच्या उजवीकडे विळा.]

अंगठी म्हणजे बांधिलकी. लग्न असेल, भाडेकरार असेल, नोकरीचा कागद असेल. विळा म्हणजे काप, तोही एका झटक्यात. अंगठीनंतर विळा पडला की बांधिलकी तुटली, असं वाचायचं.

आता बाई दोन्ही पानांच्या जागा बदलतात. आधी विळा, मग अंगठी. पानं तीच, पण वाचन फिरलं. आता मूळ गोष्ट आहे तडकाफडकी निर्णय, आणि तो आहे बांधिलकीचा. कोणीतरी अचानक हो म्हटलंय.

जोडीतलं पहिलं पान विषय सांगतं, दुसरं त्या विषयाचा गुण सांगतं. आपण आधी ‘लहान’ म्हणतो आणि मग ‘घर’. इथे घर आधी पडतं. घर आणि मूल, म्हणजे लहानसं घर. मूल आणि घर, म्हणजे घरकोंबडं पोर.

[जोड्या एकामागून एक. कॅमेरा वरून.]

घोडेस्वार आणि पत्र : खबर निघाली आहे, कागदावर येते आहे. कुत्रा आणि साप : जवळचा मित्र, पण सरळ नाही. मासे म्हणजे पैसा. मासे आणि उंदीर, पैसा कुरतडला जातोय. उंदीर आणि मासे, काळजी आहे आणि ती पैशाची आहे. दोन्हींत खिसा रिकामाच, पण पहिल्यात गेलेल्या पैशाबद्दल बोलायचं आणि दुसऱ्यात उडालेल्या झोपेबद्दल. एवढा फरक ज्याला जपता येतो तो वाचणारा चांगला, असं माझं मत आहे. बाकीचे पाठांतरवाले.

कारण पाठांतराला इथे खूप वाव आहे. 36 पानांच्या, क्रम धरून, 1260 जोड्या होतात. त्यांचे तयार तक्ते मिळतात. बाईंच्या टेबलावर तक्ता नव्हता.

[न्यूर्नबर्ग. दगडी तटबंदी, पेग्निट्झ नदीवरचा पूल.]

ही पानं भविष्य सांगण्यासाठी जन्मली नव्हती. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मजेदार वाटतं, म्हणून इथे जरा थांबू.

1799 च्या सुमारास याच शहरात एक घरगुती खेळ बाजारात आला. कर्ता योहान कास्पर हेख्टेल, प्रकाशक बीलिंग. नाव ‘आशेचा खेळ’. 36 पानं सहा ओळींत, ओळीला सहा, अशी मांडायची. दोन फासे, प्रत्येकाची एक सोंगटी, मधे सगळ्यांच्या पैशांचा गल्ला. आपल्या सापशिडीच्या जातीचा प्रकार. तिसऱ्या घरात जहाज. तिथे सोंगटी आली की जहाज तिला थेट 12 व्या घरात, पक्ष्यांपाशी नेऊन सोडतं. आठव्या घरात शवपेटी. तिथे आलेला खेळाडू मेला असं समजायचं. दोन्ही फाशांवर सारखे आकडे पडले किंवा दुसरं कोणी त्या घरात आलं, तरच तो पुन्हा खेळात. 21 व्या घरात डोंगर, तिथेही अडकायला होतं. 35 व्या घरात जहाजाचा नांगर. तिथे पोहोचला त्याचा गल्ला. आणि त्याच्या पुढे, अगदी शेवटी, क्रूस.

त्या खेळाचा एक संच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, लेडी शार्लट श्रायबर यांच्या पत्त्यांच्या संग्रहातून आलेला. त्या पानांवर जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही पद्धतींचे पत्ते छापलेत, म्हणजे एकाच संचावर दोन्हीकडच्या लोकांना नेहमीचे डावही खेळता यावेत. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याची हुशारी बघा.

चित्रांचा क्रम आजही तोच आहे. एक नंबर घोडेस्वार, 36 नंबर क्रूस. बाईंच्या हातातली शवपेटी अजून आठव्या घरातलीच आहे. आणि खेळात जे डोंगराने केलं तेच तो वाचनात करतो : अडवतो. जहाज अजूनही नेतं. नांगराजवळ अजूनही स्थैर्य. गूढविद्येचे जाणकार भविष्याच्या पत्त्यांची मुळं इजिप्तपर्यंत नेतात. मला विचाराल तर या चित्रांची मुळं पेग्निट्झच्या काठी, फासे टाकणाऱ्या पोरांच्या कोंडाळ्यात सापडतात.

[पॅरिस. र्‍यू द तुर्नों. पाच नंबरचं दार.]

मग या कॅटाला ‘लेनोर्मां’ का म्हणतात?

मारी आन आदेलाईद लेनोर्मां. जन्म आलांसों गावी 1772 मध्ये, मृत्यू पॅरिसमध्ये 25 जून 1843 ला. फ्रेंच राज्यक्रांती, नेपोलियन, पुन्हा राजेशाही, हे सगळं बघितलेली बाई. या रस्त्यावर तिचं भविष्य सांगायचं दुकान होतं. नेपोलियनची पत्नी, सम्राज्ञी जोसेफिन तिच्याकडे यायची, आणि ही गोष्ट जगाला कळेल याची लेनोर्मांने स्वतःच चोख व्यवस्था केली होती. 1809 मध्ये तिला अटक झाली. सुटल्यावर आणि नेपोलियन पायउतार झाल्यावर तिने त्या अटकेवर पुस्तक लिहिलं, 1814 मध्ये. तुरुंगवासाची जाहिरात कशी करावी हे तिच्याकडून शिकावं.

पण आपल्या टेबलावरचा कॅट तिचा नाही. ती गेल्यानंतर, 1840 च्या दशकात, जर्मन छापखान्यांनी हेख्टेलच्या खेळातली चित्रं उचलली, फासे आणि सोंगट्या काढून टाकल्या आणि वर या प्रसिद्ध बाईचं नाव लावलं. नाव खपलं.

[पेर लाशेझ दफनभूमी. लेनोर्मांची कबर, फुलं.]

लोक अजून फुलं आणून ठेवतात.

[जुनं छापील पत्रक. बोट ओळींवरून फिरतंय.]

या कॅटाबरोबर एक सूचनापत्रक मिळायचं. त्यात जोड्यांवर भर नाही. तिथला हिशेब जवळ आणि लांब असा. विचारणाऱ्याचं पान, म्हणजे 28 नंबरचा पुरुष किंवा 29 नंबरची स्त्री, त्यापासून कोणतं पान किती अंतरावर पडलं ते बघायचं. शवपेटी जवळ आली की धोका. झाड लांब पडलं की प्रकृती ठणठणीत. ढगांच्या पानाला एक काळी बाजू असते आणि एक उजळ. कोणती बाजू माणसाकडे आहे ते बघायचं. दोन पानं एकमेकांना चिकटवून वाचण्याची पद्धत नंतर वाचणाऱ्यांच्या हातात वाढत गेली. आता नवा शिकणारा सुरुवातच तिथून करतो.

बाई दोन्ही वापरतात. ढगांचं पान पडलं की आधी त्याची काळी कड कुठे आहे ते बघतात, मग शेजारी कोण बसलंय ते.

[पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडे दुसरे हात. तरुण माणसाचे. नखं कुरतडलेली.]

याने एका कंपनीत मुलाखत दिली आहे. उत्तर आलेलं नाही. बाई त्याला आधी प्रश्न नीट घालायला लावतात. ‘माझं काय होईल?’ हा प्रश्न त्या घेत नाहीत. ‘या कंपनीकडून काय कळेल?’ हा घेतात.

तीन पानं. पत्र, डोंगर, किल्ली.

बघा, एका ओळीत तीन पानं असली तरी जोड्या दोनच होत नाहीत. पत्र आणि डोंगर : निरोप अडलाय. डोंगर आणि किल्ली : अडलेलं सुटतंय, नक्की सुटतंय. किल्ली हे या कॅटातलं ‘हो’ म्हणणारं पान. मग बाई मधल्या डोंगरावर तळहात ठेवतात आणि दोन टोकांची पानं जोडतात. पत्र आणि किल्ली : ज्यावर सगळं अवलंबून आहे तो कागदच. आधीच्या दोन जोड्या ‘थांब’ म्हणत होत्या. ही तिसरी जोडी निराळं काही सुचवते. बाई विचारतात, “त्यांनी तुमच्याकडे एखादा कागद मागितला होता का? तुम्ही पाठवलात?”

तो जरा गप्प राहतो. मग म्हणतो, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र राहिलंय.

हे पानांनी सांगितलं की बाईंच्या अनुभवाने, यावर आमच्या गटात जेवणाच्या वेळी बराच वाद झाला. मी बाईंच्या बाजूने आहे. पानं पिसल्यावर कुठलीही तीन येऊ शकली असती, हे मान्यच. पण आलेल्या तिघांतून हा प्रश्न काढणं ही कसबाची गोष्ट आहे.

नोकरीचं पुढे काय झालं ते आमच्याकडे चित्रित नाही.

आणि हो, अशा वाचनावर विसंबून साठवणीचे पैसे घालवणारे, ठरलेलं मोडणारे, दवाखान्यात जायला उशीर करणारे लोकही आहेत. त्यांच्यापैकी कोणी कॅमेऱ्यासमोर बसलं नाही. आजाराचा प्रश्न आला की बाई पानं गोळा करतात आणि डॉक्टरकडे जायला सांगतात.

[सगळी 36 पानं मांडली जाताहेत. वेग वाढवलेलं दृश्य.]

आता मोठा डाव. आठ पानांच्या चार ओळी आणि खाली मधोमध उरलेली चार. काहीजण नऊ-नऊच्या चार ओळी मांडतात, बाईंना खालची चार वेगळी हवी असतात. एकही पान हातात राहत नाही, म्हणजे वाईट पान आलं का, हा प्रश्नच संपला. सगळीच आली आहेत. कोण कोणाशेजारी बसलंय, एवढंच बघायचं.

विचारणारी एक मध्यमवयीन स्त्री आहे. 29 नंबरचं पान तिसऱ्या ओळीत, डावीकडून चौथं. तिच्या डोक्यावर मनोरा. डावीकडे पुस्तक, उजवीकडे कोल्हा, आणि कोल्ह्यापलीकडे अंगठी.

[कोल्हा आणि अंगठी. जवळून. कोल्ह्याच्या पानाचा कोपरा पांढरा पडलाय.]

या जोडीशी आलं की वाचणाऱ्यांची दोन घराणी वेगळी होतात. अमेरिकेत बरेचजण कोल्ह्याला नोकरीचं पान मानतात. त्यांच्या लेखी हा नोकरीचा करार. इकडे जर्मनीत जुन्या पद्धतीने वाचणाऱ्यांसाठी कोल्हा लबाडच असतो, नोकरी नांगरात शोधायची. त्यांच्या लेखी हा फसवा करार. एक म्हणेल सही करा, दुसरा म्हणेल करू नका.

बाई दुसऱ्या घराण्यातल्या. यातलं खरं कोणतं, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, “पिसायच्या आधी ठरवायचं. पान बघून ठरवलं तर कोल्हा तुम्हीच.”

मग त्या समोरच्या बाईंना विचारतात, नवीन करार कोणता आहे. घराचा आहे. डावीकडचं पुस्तक, म्हणजे अजून न उघडलेली माहिती. डोक्यावरचा मनोरा, म्हणजे सरकारी कचेरी किंवा मोठी संस्था. माहिती कचेरीत आहे आणि ती न बघता सही होते आहे, असं बाई वाचतात. जमिनीची नोंदवही बघितली का, असं विचारतात. समोरून उत्तर येतं, दलालाने बघितली म्हणे.

बाईंचं बोट खालच्या चार पानांकडे सरकतं. कुत्रा, ढग, बाग, मासे. कुत्रा आणि ढग : ज्याच्यावर भरवसा आहे त्याचंच काही स्पष्ट नाही. ढग आणि बाग : हे गावभर होईल. बाग आणि मासे : लोकांचा पैसा, एकट्याचा नाही. समोरच्या बाई पर्समधून चष्मा काढतात आणि विचारतात, दलाल म्हणजे त्यांचा सख्खा भाचा, त्याला आता कसं विचारायचं? त्यासाठी बाई नवीन पानं मांडत नाहीत. नोंदणी कार्यालयात अर्ज कसा करायचा, ते एका कागदावर लिहून देतात.