हा आकडा कुणाच्या घरचा?

(चोपडा इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक कबुली देतो. मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही, रक्त तपासणारा आहे. लोक लॅबमध्ये येतात, बाही वर करतात, संध्याकाळी कागद घेऊन जातात. जाताना दारातच तो उघडतात, जाड ठशातला आकडा शोधतात आणि मागे वळून विचारतात, "डॉक्टर, मना लिव्हरले काय व्हयनं?" हे सांगणं खरं तर माझं काम नव्हे. पण असं म्हणून खानदेशात सुटका होत नाही. इतकी वर्षं दारात उभ्याउभ्या दिलेली उत्तरं आज जरा बसून देतो.

सगळ्यांच्या ओळखीचा आकडा एसजीपीटी. हे यकृताच्या पेशीच्या आत राहणारं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. जिनिंगच्या गोदामाची भिंत पडली की कापूस रस्त्यावर येतो, तसंच. रस्त्यावरचा कापूस बघून भिंत पडली एवढं कळतं. जिनिंग चालू आहे की बंद, ते कळत नाही. दूषित पाण्याच्या काविळीत पोराचं एसजीपीटी दोन हजारांवर जातं आणि बहुतेक वेळा महिना-दीड महिन्यात तेच पोर पुन्हा गल्लीत क्रिकेट खेळतं. (मधल्या काळात कुणीतरी गळ्यात काविळीची माळ घातलेली असते. श्रेय तिला जातं.) उलट, वर्षानुवर्षं दारू पिऊन यकृत सुकलेल्या माणसाचं एसजीपीटी ३६ येतं. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. पण गोदामात सांडायलाच माल उरलेला नसतो, हे त्या ३६ मध्ये लिहिलेलं नसतं.

म्हणून कुठलाही आकडा दिसला की मी एकच विचारतो, हा कुणाच्या घरचा? पेशी फुटून सांडलेला, की यकृताने मेहनतीने बनवलेला? अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतच बनवतं आणि ते रक्तात साधारण वीस दिवस टिकतं. रक्त गोठवणारे बरेचसे घटकही यकृताचेच. त्यातला सातवा घटक जेमतेम सहा तास टिकतो. यकृताने आज अचानक काम सोडलं तर अल्ब्युमिन आठवडाभर बरं दिसेल, पण आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, उद्याच चढेल. एक महिनेवारी हिशेब, दुसरा रोजमेळ.

आता प्लेटलेट. प्लेटलेट कमी म्हटलं की आपल्याकडे डेंग्यू, आणि डेंग्यू म्हटलं की पपईच्या पानांचा रस. शहाद्याकडे पपईला तोटा नाही, त्यामुळे रसालाही नाही. एक छप्पन्न वर्षांचे शेतकरी तीन वर्षांत तिसऱ्यांदा प्लेटलेट कमी म्हणून आले, ९५ हजार. तीनदा रस पिऊन झाला होता. अहो, डेंग्यूच्या प्लेटलेट आठ-दहा दिवसांत वर येतात, तीन वर्षं खाली राहत नाहीत. यकृत कडक झालं की रक्त मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट बनवा असा निरोप हाडातल्या मज्जेला देणारं संप्रेरकही यकृतातच बनतं, तेही कमी पडतं. त्यांचं एसजीओटी (पेशी फुटली की सांडणारं दुसरं एन्झाइम) ४८, एसजीपीटी ३६. कागदावर घाबरण्यासारखं काही नाही. पण फिब-फोर नावाचं साधं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी करायचं, हजारातल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ करायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर आलं ४.७. हे २.६७ च्या वर गेलं की यकृत बरंच कडक झाल्याची दाट शंका घ्यायची. नवीन तपासणी नाही, जादा पैसे नाहीत. जुनेच चार आकडे एकमेकांशी बोलायला लावले.

धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी पट्ट्यातून पिवळ्या डोळ्यांची मुलगी आली तर मात्र यकृताच्या आधी सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, तपासा. तांबड्या पेशी फुटूनही बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) वाढतं, एसजीओटीही थोडं वाढतं. त्यात यकृताचा काही गुन्हा नसतो.

आता जरा अवघड भाग. यकृत हा प्रतिकारशक्तीचाही मोठा अवयव आहे. आतड्यातून येणाऱ्या रक्तातले जंतू पकडणाऱ्या कुफ्फर पेशी तिथे नाक्यावर बसलेल्या असतात. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत सुकून कडक झालं की, रक्त आडवाटेने, नाका चुकवून जातं. पांढऱ्या पेशीही मंदावतात. आणि जंतुसंसर्ग झाला हे सांगणारं सीआरपी बनवतं कोण? यकृतच! घंटा वाजवणाराच आजारी. त्यामुळे अशा रुग्णात संसर्ग भरात असूनही सीआरपी हवं तेवढं चढेलच असं नाही. पांढऱ्या पेशींचंही तेच. फुगलेल्या प्लीहेमुळे ज्याच्या एरवी तीन हजारच असतात, त्याच्या आठ हजार झाल्या तर मशीन 'नॉर्मल' छापतं. त्याच्यासाठी ती जवळजवळ तिप्पट वाढ असते. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका हो. आमच्या मशीनला तुमचा भूतकाळ माहीत नसतो.

अशा माणसाला अँटिबायोटिक देऊनही ताप हटत नाही, तेव्हा बुरशीची शंका येते. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्याला स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच. रक्तात बुरशी वाढवून बघायला दिवस लागतात आणि पुष्कळदा ती वाढतही नाही. म्हणून तिच्या भिंतीचे तुकडे शोधतात. अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या भिंतीतलं गॅलॅक्टोमॅनन आणि बऱ्याच बुरशींच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन. हे दुसरं शोधायची रीत मजेशीर आहे. घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जिवाचं रक्त निळं असतं आणि बुरशीचा अंश लागला की ते गोठू लागतं. त्याच्यावरून ही तपासणी निघाली.

पण इथेही तोच प्रश्न, ग्लुकन कुणाच्या घरचं? शस्त्रक्रियेत वापरलेल्या कापसाच्या गॉजमधून ग्लुकन रक्तात उतरतं. म्हणजे आपला कापूस इथेही आडवा आलाच. डायलिसिसच्या काही गाळण्यांतून येतं. शिरेतून दिलेल्या अल्ब्युमिनच्या बाटलीतूनही येतं, आणि पोटात पाणी झालेल्या यकृताच्या रुग्णाला तीच बाटली वरचेवर लागते. तेव्हा रक्त बाटलीच्या आधी घेतलं की नंतर, हे चिठ्ठीवर लिहा म्हणून मी नेहमी भांडतो. सहसा कुणी लिहीत नाही.

२०२१ मध्ये म्युकरने, म्हणजे 'काळ्या बुरशी'ने, आपल्याला जे दाखवलं, ते तर या दोन्ही तपासण्यांच्या बाहेरचं. म्युकरच्या जातीत हे दोन्ही पदार्थ सापडण्याइतके नसतातच. रिपोर्ट निगेटिव्ह आणि नाकात काळी खपली! तिथे नाकातला तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच बघावा लागतो.

शेवटी उलटी गोष्ट. आतापर्यंत यकृत आधी बिघडलं आणि बुरशी मागून आली. १९७४ मध्ये नर्मदेपलीकडे पंचमहाल आणि बांसवाडा जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली, पोटात पाणी झालं. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. घरातलंच अन्न खाणारी कुत्रीही मेली. विषाणू नव्हता. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस वाढली होती आणि तिचं अफलाटॉक्सिन नावाचं विष भाकरीतून पोटात जात होतं. तव्यावरच्या आचेने ते नष्ट होत नाही. थोडंथोडं वर्षानुवर्षं गेलं तर यकृताचा कॅन्सर होतो, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

हे विष रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं. त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत माणसाने किती अफलाटॉक्सिन खाल्लं, हे अल्ब्युमिनवरून मोजता येतं. संशोधनाच्या प्रयोगशाळांत ते करतात, माझ्याकडे होत नाही. मगाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, "काळी पडलेली सरकी पेंड गुरांना घातली तर चालेल का?" नाही चालणार. गाय ते विष पचवून त्याचं दुसरं रूप दुधात उतरवते, एम-वन म्हणतात त्याला. किलोभर दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या वर ते कायद्याला चालत नाही. पेंड उकिरड्यावरही टाकू नका, कोंबड्या जातात तिथे.