पीटर बर्नेट : कॅलिफोर्नियाचा पहिला गव्हर्नर

मे 1843 मध्ये मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावाजवळून सुमारे हजार माणसांचा तांडा गाड्या आणि गुरेढोरे घेऊन ऑरेगनच्या दिशेने निघाला. त्यात पीटर हार्डमन बर्नेट हा पस्तीस वर्षांचा वकील होता. व्यापारात बुडाल्याने तो कर्जबाजारी झाला होता, पत्नी आजारी होती आणि पदरी सहा मुले होती. ऑरेगनला जाणाऱ्या वसाहतकऱ्याला 640 एकर आणि प्रत्येक मुलामागे आणखी 160 एकर जमीन देण्याचे विधेयक तेव्हा अमेरिकी काँग्रेसपुढे होते. ते अजून मंजूर झाले नव्हते, तरीही त्या आशेवर बर्नेटने सभा घेऊन माणसे जमवली आणि तांड्याने त्यालाच पहिला कप्तान निवडले.

ऑरेगनमध्ये तो शेती करू लागला आणि वर्षभरातच तिथल्या हंगामी विधिमंडळात जाऊन बसला. जून 1844 मध्ये त्याने मांडलेला कायदा संमत झाला. त्याने गुलामगिरीवर बंदी घातली, पण त्याचबरोबर काळ्या माणसांना ठरावीक मुदतीत प्रदेश सोडण्याचा हुकूमही दिला. जो जाणार नाही त्याला 20 ते 39 फटके, आणि तो जाईपर्यंत दर सहा महिन्यांनी पुन्हा तीच शिक्षा. फटक्यांचे कलम त्याच वर्षी बदलले आणि 1845 मध्ये, अंमल सुरू होण्यापूर्वीच, कायदा रद्द झाला. तरीही त्याची झळ बसायची ती बसलीच. 1844 मध्ये मिझुरीहूनच आलेले जॉर्ज बुश हे काळे शेतकरी या कायद्यामुळे ऑरेगनमध्ये न थांबता कोलंबिया नदीच्या उत्तरेला, प्युजेट साउंडच्या परिसरात जाऊन वसले. स्वतः नवी भूमी शोधत आलेल्या माणसाने वर्षभरात दुसऱ्यांसाठी तिचे दार बंद करावे, ही गोष्ट बर्नेटच्या चरित्रात मला सर्वांत अधिक खुपते.

1848 मध्ये सोन्याची बातमी आली आणि बर्नेट कॅलिफोर्नियाला निघाला. खाणीपेक्षा त्याला जमिनीने अधिक दिले. सॅक्रामेंटो शहर नुकतेच आखले जात होते. तिथले भूखंड विकण्याचे काम त्याच्याकडे आले आणि त्या मिळकतीतून त्याने मिझुरीतले जुने कर्ज फेडले. नोव्हेंबर 1849 मध्ये तो गव्हर्नर म्हणून निवडून आला, तेव्हा कॅलिफोर्निया अमेरिकी संघराज्याचे राज्यही झाले नव्हते. तो मान सप्टेंबर 1850 मध्ये मिळाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मूलनिवासींच्या ‘संरक्षणा’साठी म्हणून झालेल्या कायद्याने त्यांना, त्यांच्या मुलांनासुद्धा, सक्तीच्या मजुरीला जुंपण्याची मुभा दिली. जानेवारी 1851 च्या वार्षिक संदेशात बर्नेटने विधिमंडळाला लिहून कळवले की, मूलनिवासी वंश नामशेष होईपर्यंत दोन वंशांमधले संहाराचे युद्ध चालूच राहील, अशी अपेक्षा धरली पाहिजे. एका राज्यप्रमुखाने माणसांच्या संहाराला अटळ ठरवले होते. त्यानंतर काही दिवसांतच त्याने राजीनामा दिला. पण सशस्त्र टोळ्यांच्या मोहिमा राज्याच्या पैशाने चालू राहिल्या आणि 1846 मध्ये सुमारे दीड लाख असलेली मूलनिवासींची संख्या 1870 पर्यंत तीस हजारांच्या आसपास आली.

पुढे बर्नेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. 1858 मध्ये, गुलामगिरीवर बंदी असलेल्या कॅलिफोर्नियात, त्याने आर्ची ली या तरुणाला त्याच्या मालकाच्या हवाली केले. काळ्या नागरिकांनी वर्गणी काढून लढा दिला आणि लीला स्वातंत्र्य मिळवून दिले. नंतर बँकेचा अध्यक्ष राहिलेला बर्नेट 1895 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला. जून 2019 मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी आदेश काढून मूलनिवासींची राज्यातर्फे माफी मागितली. त्या आदेशात बर्नेटच्या 1851 च्या संदेशातले शब्द उद्धृत केले आहेत.